हेल्थची गाडी आणि चांदवाली

डॉक्टर,

तुम्ही गेल्यानंतर मी माझ्या हातानं काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील. निपाणीत एक जुनी तंबाखूची वखार पाडत होते, तिचे सागवानी वासे आणून गोठा उभा केला. सुतार लावला नाही. गोठ्याची फरशी मीच घातली. तिला उतार दिला तो पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन्ही टोकांची पातळी बघून. आज बादली ओतली तर पाणी मध्ये कुठं न थांबता गटारीला लागतं. हायवेवरच्या गॅरेजात उभं राहून वेल्डिंग बघितलं आणि मग पाइप वाकवून जनावर अडकवायचा खोडा केला. त्यात गाय न धडपडता उभी राहते आणि माणसाच्या नडगीला लाथ लागत नाही. कालवडींच्या पाण्याच्या कुंडीला संडासाच्या टाकीतला बॉलकॉक बसवला, कुंडी आपोआप भरते. धार काढायच्या मशिनची टाकी जुन्या कॉम्प्रेसरची आहे. गोबरगॅसची टाकी मी खणली, मी बांधली, आणि गळायला लागली तेव्हा रिकामी करून पुन्हा गिलावा केला तोही मीच. शाळा सातवीपर्यंत. बाकी जे येतं ते बघून, विचारून आणि चुकून आलेलं आहे, त्यातलं बरंचसं तुमच्याकडं बघून. तेव्हा अशा गोठ्यात कुणी उपरा माणूस शिरला आणि म्हणाला की तुमच्या जनावरांच्या तब्येतीचं आम्ही बघतो, तर माझ्या कपाळाला आठी पडणारच. ती अजून गेलेली नाही.

झालं ते असं. आम्ही दूध घालतो त्या खाजगी डेअरीनं मागं एक योजना काढली. महिन्यातून एकदा पांढरी गाडी येते. तिच्यात एक डॉक्टर आणि गाडी चालवणारा. कुणी बोलावलेलं नसताना येतात, जनावर आजारी नसतानाच येतात, तेच त्यांचं काम. खुरं बघतात. चारी सडांतलं दूध तबकडीत पिळून त्यात औषध घालून हलवतात, घट्ट झालं की म्हणतात कास सुजून दगडी व्हायला लागलीय. कोण माजावर, कोण गाभण, कोण रिकामी, सगळं टॅबवर भरतात. योजनेचं छापील नाव इंग्रजीत लांबलचक आहे. गावात तिला हेल्थची गाडी म्हणतात. पैसे घेत नाहीत, आणि पहिली शंका तिथंच. फुकट कोण कुणाच्या गाईचं शेपूट उचलून बघतं? दूध घालायला रांगेत उभे असताना रोज हाच विषय.

"तुझी कंची गाय किती देती हे त्यास्नी कळलं की तुझा दर कसा पाडायचा तेबी कळतंय," एकजण म्हणायचा.

"दर ऱ्हाऊ दे. इमावाल्यास्नी इकत्यात ती म्हायती."

"इकू देत की. माझ्या म्हशीच्या कानात बिल्ला मारल्यापासनं ती माझं ऐकत न्हाय, आता त्यांचंच ऐकंल."

सगळे हसायचे. पण हसून झाल्यावर "तसं काही नसतंय रं" असं कुणी म्हणायचं नाही. मीही म्हटलं नाही. मी माझ्या पद्धतीनं विचारलं. गाडीतली डॉक्टर म्हणजे एक मुलगी आहे, तुमच्या नातीच्या वयाची, बेळगावची, घरात कन्नड बोलणारी, मराठी तुमच्यापेक्षा बरी. तिला विचारलं, "मॅडम, ही टॅब कुणाची?" म्हणाली, "कंपनीची." "आणि आत भरलेलं?" ती म्हणाली, "तेही कंपनीचंच, अण्णा." खोटं बोलली नाही एवढं मी मनात धरलं. पण कालवडींना ती एक लस टोचायची म्हणत होती, गाभ टाकायच्या रोगावरची, तिला नको म्हटलं. गाभणच नसलेल्या जनावराला गाभाची लस कशाला, असं वरकरणी म्हणालो. आत निराळंच होतं. टोचून घ्यायचं आणि पुढं काही बिघडलं की कुणाला धरायचं?

आणि मग तुम्हीच आठवलात. कारण हेच तुम्ही करायचा. तुमच्याकडं पांढरी गाडी नव्हती, मोपेड होती, आणि टॅबच्या जागी डोकं होतं. सरकारी दवाखान्यात बसून राहिला असता तरी पगार मिळाला असता. पण तुम्ही न बोलावता घराघराच्या दारात उभे. "जनावर मरायला टेकलं की मला बोलावता. मग मी डॉक्टर कसला? मी पंचनाम्याचा माणूस." लोकांना हे फार संशयाचं वाटायचं. धारवाडकडचा कानडी माणूस, सरकारचा पगार खाणारा, धडधाकट म्हशी बघत का हिंडतो? कराची पट्टी बसवणार असेल, नाहीतर मोजून वर कळवणार असेल. तुम्ही विचारायचा, "किती जनावरं?" पाच असली तर तीन सांगायची. दोन मागच्या परड्यात नेऊन बांधलेली असायची, आणि तुमची मोपेड बंद झाली की नेमकी तीच हंबरायची. तुम्ही मान हलवायचा. "तीन जनावरांना पाचांचा आवाज आहे. म्हणजे तब्येत चांगली आहे." आणि तीनच लिहून पुढं जायचा. तुम्ही चिडत का नाही याचाही आम्हाला संशय यायचा.

वडाखालचा तो दिवस मला अजून दिसतो. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं, आई धडधाकट होती, घरात एक म्हैस होती आणि ती पहाटे व्यालेली. आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत होती: जनावर व्यालं की वासरामागनं पडलेली वार पोत्यात घालून ओढ्याकाठच्या वडाला टांगायची. वडाला चीक असतो, दुधासारखा पांढरा. वार तिथं टांगली की तशीच कास भरते. त्या वडाला कायम सात-आठ पोती लोंबत असायची आणि खाली कुत्री. मी पोतं खांद्यावर घेऊन निघालोय, आणि समोरून तुम्ही येताय. मोपेड थांबते. तुम्ही उतरत नाही, एक पाय टेकवून उभे राहता.

"पोत्यात काय?"

"वार हाय. म्हस व्याली न्हवं का."

"हात दाखव."

मी दाखवले. कोपरापर्यंत वाळलेलं होतं.

"या हातानं भाकरी खाणार?"

"धुवून खानार की."

"कशानं?"

"पान्यानं."

"अय्यो." मग तुम्ही उतरला. "खड्डा खण, कमरेइतका. आत टाक, वर चुना टाक, मग माती. इथं टांगली की कुत्रं ओढतं, ते चार गोठ्यांत फिरतं, चार म्हशी गाभडतात. मग तुम्ही म्हणता कुणाची तरी नजर लागली."

"पुरल्यावर दूध आटतंय, डॉक्टर."

"कुणी सांगितलं?"

"आईनं."

"आईला विचार, या झाडाखालच्या पाण्यावर येणाऱ्या किती म्हशी आतापर्यंत गाभडल्या."

मी घरी येऊन विचारलं. आई बोटं मोजायला लागली, एका हाताची संपली तशी चिडली. "त्या कानडी मानसाला आपल्या वडाचं काय रं एवढं?" मला ते पटलं. तुमच्यात ही रीत नसेल म्हणून तुम्हाला घाण वाटते, असं मी ठरवून टाकलं. पुढं मी पहिली संकरित गाय आणली तेव्हा तुम्ही बघायला आलात. गाईभोवती एक फेरी मारली, कास दाबून बघितली, दात बघितले, आणि पिशवीतून काढून माझ्या हातात ठेवलं ते एक लाल कार्बोलिक साबणाची वडी आणि नखं घासायचा नवा ब्रश. माणूस नारळ देतो, टॉवेल देतो. बायको दिवसभर हसत होती. "सायबाचा आहेर बघितला न्हवं? आंघूळ करा म्हनत्यात." मला राग आला होता. पण ब्रश वापरला. आधी नखं, मग बोटांच्या बेचक्या, मग कोपरापर्यंत, जसं तुम्ही करायचा तसं. आणि हात असे स्वच्छ धुवून झाले की पुढच्या वेळी वार पुन्हा वडालाच बांधली. आम्ही असेच आहोत, डॉक्टर. तुमचं अर्धं ऐकतो. उरलेल्या अर्ध्याच्या जागी आपलं ठेवतो, आणि गुण आला की तो आपल्या अर्ध्याचा मानतो.

आता चांदवाली. ही माझ्या गोठ्यातली गाय, काळी, कपाळावर अंगठ्याएवढा गोल पांढरा ठिपका. गोठ्यातल्या अर्ध्या कालवडी तिच्या पोटच्या. तिची कास बघायला कागलकडची माणसं येऊन गेलीत. गेल्या उन्हाळ्यात तिनं सातव्या महिन्यात गाभ टाकला. सकाळी गोठ्यात गेलो तर मागं पडलेलं होतं, आणि ती चाटत उभी होती. सगळ्यांना सांगितलं, पाय घसरला, पोटावर पडली. माझ्या गोठ्यात पाय घसरत नाही, हे मला ठाऊक आहे. फरशीला मी खरवडून रेषा पाडल्यात. त्या दिवशी मी वार वडाकडं नेली नाही. खड्डा खणला, कमरेइतका, चुना टाकला, पुरलं. का, ते स्वतःला विचारलं नाही आणि घरात कुणाला विचारू दिलं नाही.

पुढच्या फेरीला हेल्थची गाडी आली. मुलीनं विचारलं, "कोणी गाभडली का, अण्णा?"

"न्हाय."

"खरं?"

"न्हाय म्हटलं की."

ती हसली. "आमचे सर सांगायचे, शेतकरी न्हाय म्हणाला की परत विचारायचं."

"आणि परत न्हाय म्हणाला की?"

"दूध तपासायचं."

आणि तिनं तपासलं. कॅनमधलं सगळ्या गाईंचं मिळून दूध काचेच्या नळीत घेतलं, त्यात जांभळं औषध टाकलं आणि नळी ठेवून दिली. तासाभरानं मला बोलावलं. खालचं दूध पांढरं झालं होतं आणि वर सायीच्या जागी जांभळी कडी बसलेली. "कडी बसली म्हणजे यातल्या एका तरी गाईला आहे," ती म्हणाली. "ब्रुसेलोसिस. गाभ टाकायचा रोग. सगळ्यांचं रक्त घ्यावं लागेल." मी ती नळी उजेडात धरून बराच वेळ बघितली. सुंदर दिसते हो ती कडी. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार कोणता आला सांगू? महिन्याभरापूर्वीच मी डेअरीच्या मिटिंगमध्ये उभा राहून फॅट मोजायचं मशिन खोटं दाखवतं असं बोललो होतो. चार लोकांत बोललो होतो. आता माझ्याच दुधात कडी. नळी त्यांची, औषध त्यांचं, रक्त जाणार त्यांच्याच लॅबमध्ये. मी का मानावं?

म्हणून मी एक केलं. रक्त घ्यायच्या दिवशी मुलीच्या हातात हातमोजे होते, रक्तानं ओले. नळ्यांवर बिल्ल्याचे शेवटचे आकडे लिहायचे होते. तिनं पेन माझ्याकडं दिलं. "अण्णा, तुम्ही लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे." माझं अक्षर चांगलं आहेच. एकेक गाय खोड्यात घेतली, तिनं रक्त काढलं, मी आकडे लिहिले. चांदवालीच्या नळीवर मी एका कालवडीचा नंबर घातला आणि त्या कालवडीच्या नळीवर चांदवालीचा. कालवड अजून गाभण राहायला भरवलेलीसुद्धा नव्हती. मनाशी म्हटलं, आता बघू. मला पाडायचं म्हणून खोटं लिहिणार असतील तर सगळ्यात जास्त दुधाच्या गाईच्या नावावर लिहितील. आणि खरं असेल तर कालवडीच्या नंबराला निघेल. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या गाईंत चांदवालीचीच नळी का बदललीस? मला माहीत नसतं तर दुसरीचीही बदलली असती.

रिपोर्ट फोनवर न सांगता ती स्वतः आली. फेरीचा दिवस नव्हता.

"एक अडचण आहे, अण्णा. तुमची ती कालवड पॉझिटिव्ह आहे. बाकी सगळ्या स्वच्छ, चांदवाली पण स्वच्छ. पण मला हे बसत नाही. कालवड कधी गाभण नाही, बाहेरून आणलेली नाही, आणि गाभडलेली कुणी नाही म्हणता."

मी गव्हाणीतला कडबा सारखा करत होतो. तो सारखाच होता.

"बसतंय," मी म्हणालो. "नंबर मी बदलून लिहिलेत."

तिच्या तोंडून आधी कन्नडच निघालं. "याके?" का म्हणून.

"तुमची लॅब खरं सांगती का बघायला."

"मग? सांगितलं?"

"सांगितलं."

"आणि मी काही न विचारता फोनवर सांगितलं असतं की कालवड वेगळी बांधा, तर? चांदवाली बाकीच्यांत राहिली असती. पुढच्या खेपेला इथंच व्याली असती, सगळ्यांच्या मध्ये."

"मी सांगणारच होतो."

"कधी?"

बायको मागं पाट्या धूत होती, ती तिथनंच म्हणाली, "लई शानं हायसा! गाईला फशिवलासा, पोरीला फशिवलासा. आता ऱ्हायलं कोन?" मुलगी पालथ्या बादलीवर बसली. तिला राग आला होता पण ती ओरडली नाही, तुमच्यासारखीच. म्हणाली, "लोक आम्हाला खोटं सांगतात हे आम्हाला माहीत असतं. घरी जाऊन हसतो आम्ही त्यावर. गाय खाली बसली की बोलावतात, मेली की डॉक्टरनं मारली म्हणतात, तेही माहीत असतं. पण इथं मी तपासून बघितलं नाही. गोठा इतका नीट ठेवणारा माणूस आकडे चुकीचे लिहिणार नाही असं मला वाटलं." चूक नव्हती ती, मी म्हणणार होतो, मुद्दाम लिहिलं होतं.

मग तिनं सांगितलं ते सगळं मी नीट ऐकून घेतलं. चांदवालीला वेगळं बांधा. तिची धार सगळ्यांत शेवटी. कच्चं दूध घरात कुणी प्यायचं नाही. पुन्हा व्याली तर वेगळ्या जागी, आणि वार पुरायची, हातमोजे घालून. विकायची झाली तर घेणाऱ्याला सांगून. "पुस्तकात तर लिहिलंय, असं जनावर कळपातून काढून टाका," ती म्हणाली. मी विचारलं, "काढून टाकायचं कुठं?" इकडं कायद्यानं गाईला कसायाचा रस्ता नाही आणि असता तरी मी तिला त्या रस्त्याला लावली नसती. ती म्हणाली, "ते पुस्तकात नाही." मग आम्ही दोघंही हसलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती कंपनीची वाटली नाही. कालवडींना लस टोचून घेतली. सिरिंजवरचं लेबल मात्र आधी वाचलं, तारखेसकट.

जाताना तिनं मला आणि बायकोला विचारलं, संध्याकाळचा बारीक ताप येतो का? रात्री घाम? कंबर, सांधे? हा रोग माणसाला होतो, म्हणाली, धार काढणाऱ्याला होतो, वार ओढणाऱ्याला होतो, आणि सगळ्यांत जास्त डॉक्टरांना होतो. वर्षानुवर्षं राहतो, येतो जातो, आणि लोकांना वाटतं साधा ताप आहे. ती बोलत होती आणि मला दवाखान्याची पायरी दिसायला लागली. ऐन चैत्रातली संध्याकाळ, आम्ही उघड्या अंगानं, आणि तुम्ही पायरीवर शाल गुंडाळून बसलेले, कपाळावर घाम. उठताना भिंतीला हात धरून उठायचा. पन्नाशीच्या आतच पाठ वाकली होती. गावात एकच बोलणं होतं, साहेब घेतात. संध्याकाळ झाली की घेतात. मी एकदा तुम्हाला सायकलवर मागं बसवून घरी सोडलं होतं. तुमचं डोकं माझ्या पाठीला टेकलं होतं, आणि तोंडाला वास होता तो कॉफीचा. मला माहीत होतं. तुम्ही म्हणायचा, जुना मलेरिया आहे. मुलीला मी विचारलं, एक डॉक्टर होते, असं असं व्हायचं त्यांना, तर तेच असेल का? ती म्हणाली, "असू शकतं. आता कोण सांगणार, अण्णा?" तेव्हा मीही इथं ठाम लिहीत नाही. पण जे हात तुम्ही आमच्या जनावरांच्या पोटात कोपरापर्यंत घातले त्या हातांवर त्या काळी हातमोजा मी बघितलेला नाही. साबणाची वडी आणि ब्रश, एवढंच होतं तुमच्याजवळ, आणि तेच तुम्ही मला दिलं होतंत. बायकोनं आणि मी बेळगावात रक्त दिलं. तिचं स्वच्छ निघालं. माझं पुन्हा बघू म्हणालेत.

याचा अर्थ योजनेवर माझा विश्वास बसला असा घेऊ नका. लॅब खरी निघाली म्हणजे डेअरी खरी निघाली असं होत नाही. टॅबमधलं अजून त्यांचंच आहे. मुलगी चांगली आहे, पण उद्या तिची बदली होईल आणि तिच्या जागी कोण येईल ते मला विचारून ठरणार नाही. तुमचीही बदली करायला कितीदा निघाले होते. मी गाडीला आता गोठ्यात येऊ देतो, आणि ती जाईपर्यंत तिथून हलत नाही.

चांदवालीला परड्यात वेगळं छप्पर केलं, महिनाभर दुसरं काम बाजूला ठेवून. बातमी बाहेर गेलीच. गावात "पाय घसरला" आता कुणी म्हणत नाही. आणि एका सकाळी हेडी आला. जनावरांची दलाली करणारा आहे, निपाणीच्या बाजारात उभा असतो, बाजार नसला की दारोदार. चांदवालीपाशी गेला, ठिपक्यावर हात फिरवला, येऊन बसला. चहा झाला.

"अण्णा, कशाला जिवाला घोर लावून घेतासा? द्या माझ्याकडं."

"तिला काय झालंय ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय म्हनून तर आलतो. कानातला बिल्ला तेवढा काढून द्या."

"आणि घेनाऱ्याला काय सांगशील?"

"सांगायचं काय त्यात? नदी वलांडली की राज्य बदलतंय. हिकडचं कागद तिकडं कोन वाचतंय?" मग त्याला वाटलं मला समजावून सांगायला हवं. "लई शोधायचंबी न्हाय. पलीकडं एका पोरानं नवाच गोठा घातलाय. इंटरनेटवर बघून शिकतोय म्हनं. त्येला गाईतलं काय कळत न्हाय."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला, बाजारात करतात तसा, आणि खालून माझी बोटं धरली. आधी किती बोटं, मग किती, तोंडानं अक्षर नाही. ज्या पोराला गाईतलं काही कळत नाही त्याच्याबद्दल मी तेव्हा विचार करत होतो असं तुम्हाला सांगायला मला आवडलं असतं. मी विचार करत होतो त्या ठिपक्याचा. बिल्ला काढता येतो. कपाळावरचा चांद काढता येत नाही. तिला बघून गेलेली कागलकडची माणसं नदीपलीकडचीच आहेत. तिच्या पायानं त्या पोराचा गोठा गाभडायला लागला की कुणीतरी म्हणणार, ही अमक्याच्या गोठ्यातली. माझ्या गोठ्यातलं जनावर खोटं निघालं, हे बोलणं मला सहन झालं नसतं. दया म्हणाल तर ती नंतर आली, तो गेल्यावर, तिला पाणी दाखवताना. हेडीला मी नको म्हटलं. पण लगेच नाही, डॉक्टर. टॉवेलाखाली माझा हात होता तसाच बराच वेळ राहिला, आणि बायकोला हाक मारून मी दुसरा चहा सांगितला.

तुम्हीच राहिला नाहीत, तेव्हा हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवतो. तो गेल्यावर बायकोनं विचारलं, किती म्हणत होता? मी सांगितलं, चाळीस. चाळीसला कोण देतंय, म्हणून ती कामाला लागली. चाळीस नव्हते. पंच्याऐंशी हजार म्हणत होता.